ब्रह्मचाऱ्याची सुट्टी

आनंदा मुंबईहून येणार असं कळलं की ठमाबाई सुनेचं गाठोडं बांधायला घ्यायची. दोन लुगडी, एक चोळखण, व्याह्यांकडे द्यायला शेरभर वाल आणि सगळ्यांच्या वर फणी-करंड्याची पेटी. मुलगा आगगाडीतून ठाण्याच्या स्टेशनात उतरायच्या आत सून चेंदणीच्या बंदरात मिठाच्या मचव्यात बसलेली असायची. भरती लागली की मचवा कल्याणला, तिच्या माहेरच्या गावी. तिथं दुर्गाडीखालच्या बंदरात मीठ उतरायचं आणि मिठापाठोपाठ सगुणा उतरायची. सुट्टी संपून आनंदा मुंबईला गेला की तोच मचवा तांदूळ घेऊन परत यायचा, आणि तांदळाबरोबर सगुणा. एक आला की एक गेली, जशी काय त्या भल्याथोरल्या घरात दोघांना पुरेल इतकी हवाच नव्हती.

ही व्यवस्था पंढरीशेटची. पंढरीशेट म्हणजे ठमाबाईचा नवरा. त्याचा आजा दुसऱ्याच्या मिठागरावर फळी ओढायचा. ह्याची स्वतःची दोन मिठागरं, वर बाळकुमच्या अंगाला भाताची खाचरं. लिहिता येत नव्हतं म्हणून मीठ खात्याच्या कारकुनापुढं उभं राहून राहून ह्याच्या पायाला गोळे यायचे. त्या गोळ्यांतूनच एक दिवस विचार निघाला, की आपला मुलगा खुर्चीत बसेल. आनंदा मॅट्रिक झाला तेव्हा साऱ्या जातीत पहिला होता. त्या दिवसापासून बापानं पोटच्या पोराला अहोजाहो सुरू केलं. “आनंदराव, आपण जेवलात का?” हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ठमाबाईला वाटलं, कोणी पाहुणा आलाय. तिनं घाईनं डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर डोकावून पाहिलं, तर ओट्यावर तिचंच पोर नाक खाजवत बसलेलं.

आनंदा मुंबईच्या मोठ्या कॉलेजात गेला, त्याच वर्षी सगुणा नांदायला आली. लग्न कधीच झालेलं होतं. तेव्हा तो चौदाचा होता, ती नऊची. आणि मुंडावळ्यांच्या आडून दोघांनी एकमेकांना किती पाहिलं असेल ते देव जाणे. आता कुठं संसार सुरू व्हायचा, तर पंढरीशेटनं जोशीबुवांना विचारलं. जोशीबुवा म्हणाले, “विद्यार्थी म्हणजे ब्रह्मचारी. विद्या पुरी होईपर्यंत त्यानं बायकोचं तोंड पाहू नये, तिची सावली अंगावर घेऊ नये.” शास्त्र काशीचं, कॉलेज साहेबाचं, आणि गदा आली चेंदणीच्या सुनेवर. पण पंढरीशेटला यात काही विसंगत वाटलं नाही. त्याच्या लेखी विद्या म्हणजे विद्या. गोरा शिकवो की शेंडीवाला, सोवळं तेच.

आणि सोवळं काय एक होतं! मासळीनं बुद्धीला जडपणा येतो, असं जोशीबुवांच्या तोंडून निसटलं. झालं. खाडीच्या काठावर घर, आणि चुलीवर नुसता वरण-भात. शेजारची कोळीण पाटी घेऊन जाताना ह्यांच्या दारावरून मुद्दाम सावकाश चालायची. सुट्टीत आनंदा माडीवर वाचत बसला की अंगणातलं उखळ बंद; भात कांडायला बायका तीन घरं पलीकडं. गड्यांनी खोकायचं ते गोठ्यामागं जाऊन. पहाटे अभ्यास चांगला होतो म्हणून पंढरीशेट स्वतः पहाटे उठून जिन्याखाली घोंगडीवर बसायचा. बाप खाली जागायचा, मुलगा वर घोरायचा. अभ्यास असा दोघांनी वाटून घेतलेला होता.

“हे करून काय होतं हो?” ठमाबाईनं एकदा विचारलं.

“त्यांना आधार वाटतो.”

“झोपलेल्याला कसला आधार? उशी आहे की त्याला.”

पंढरीशेट अशा बोलण्यावर, अडाणी बाईला काय कळतंय, असं तोंड करायचा. स्वतःला अंगठ्यापुढं काही येत नव्हतं हे तो अलीकडं विसरून गेला होता. मुलाच्या पुस्तकांची पेटी उचलून उचलून आपणही थोडे शिकलो, असं त्याला वाटू लागलं होतं.

एकदा तर कहर झाला. खाडीवरची रीत अशी, की हंगामातलं पहिलं मीठ निघालं की पहिली पाटी बांधावरच्या देवापुढं ओतायची, मग उरलेलं रास करायचं. त्या वर्षी पंढरीशेटनं ती पाटी देवापुढं ओतली नाही. डोक्यावर फडकं बांधून, बायकोला बरोबर घेऊन, आगगाडीनं मुंबईला नेली आणि कॉलेजच्या दगडी पायरीवर ओतली. वर नारळ फोडला. आनंदानं हे वरच्या खिडकीतून पाहिलं असावं, कारण तो मागच्या दारानं जो गेला तो संध्याकाळपर्यंत सापडला नाही. शिपाई धावत आला, ओरडला. पंढरीशेट त्यालाही हात जोडून उभा. शेवटी कुणा साहेबाची बग्गी आली, आणि तिचा घोडा मान खाली घालून ते मीठ चाटायला लागला. परतताना नवरा म्हणाला, “शकुन चांगला झाला.” ठमाबाई म्हणाली, “हो तर. एवढ्या मोठ्या कॉलेजात एकाला तरी आपल्या घरचं आवडलं.”

त्या वर्षी आनंदा प्रीव्हियसच्या, म्हणजे कॉलेजातल्या पहिल्याच वर्षाच्या, परीक्षेत नापास झाला. पुढच्या वर्षीही झाला.

सगुणा मात्र या घरात रुजत गेली. ठमाबाईच्या दोन मुली देवीच्या साथीत एकापाठोपाठ गेलेल्या. घरात पोरीचं हसणं असतं ते कसं, हे ती विसरली होती. ह्या मुलीला एक खोड होती, ती नकला करायची. जोशीबुवा ताट पुढं ओढताना कसे आधी नको-नको म्हणतात, मीठ खात्याचा कारकून रासेभोवती पाय न बुडवता कसा फिरतो, पंढरीशेट “आनंदराव” म्हणताना मान कशी तिरकी करतो, सगळं ती चुलीपुढं बसून करून दाखवायची. ठमाबाई तोंडात पदर कोंबून हसायची, आणि वर तिलाच दटावायची, “मेले, सासरा आहे तो तुझा!”

“म्हणून तर हळू करते, आत्याबाई.”

अशा मुलीचं गाठोडं बांधताना दर वेळी ठमाबाईच्या जिवावर यायचं. पण ती बांधायची. चार दिवसांचा प्रश्न आहे, पोरगं एकदा पास होऊ दे, असं म्हणत म्हणत तीन वर्षं बांधत आली होती.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून ठाण्याच्या कचेरीवर दिवे लागले होते, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. नाताळच्या सुट्टीत आनंदा यायचा होता. प्रीव्हियसला तिसऱ्यांदा बसला होता, निकाल त्याच सुमारास लागणार होता. गाठोडं तयार होतं, मचवा दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला निघणार होता. पण आनंदा एक दिवस आधीच येऊन थडकला. ठमाबाई तेव्हा मिठाच्या रासेवर पेंढा घालून घ्यायला गेली होती. घरी परतली तर सगुणा ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली, चेहरा नेहमीसारखाच, फक्त हात मांडीखाली घेतलेले.

“ते आलेत,” ती म्हणाली.

“अगं बाई! आणि तू?”

“मी अंगणात वाल पाखडत होते.” आणि तिनं उठून नक्कल करून दाखवली. एक हात कमरेवर, हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले. “‘ए पोरी, शेट कुठं आहेत? पाणी आण.’ आणलं. प्यायले. तांब्या परत देताना म्हणाले, ‘कामाला नवीन लागलीस का?’”

“मग? तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, तीन वर्षं झाली. ते म्हणाले, ‘बरं.’ आणि वर गेले.”

ठमाबाईला आधी हसू आलं. हुबेहूब तोच होता तो, तीच हनुवटी. हसता हसता तिनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तिचं हसू जागीच विरलं. ती उठून आत गेली आणि उगीचच भांडी इकडची तिकडं करत राहिली.

दिवेलागणीला आनंदा खाली आला. अंगावर पारशी कोट, गळ्यात लोकरीचा पट्टा, पायांत बूट. मुंबईतल्या खाणावळीचं वरण-भातापेक्षा काहीतरी बरं अंगाला लागलेलं दिसत होतं. ओट्यावर बसून त्यानं सांगून टाकलं, या खेपेलाही राहिलं. मग बराच वेळ तो इंग्रजीतच बोलत होता. मधूनमधून “मनाची शांती” एवढंच मराठी यायचं. पंढरीशेटनं कपाळाला हात लावला, आणि लगेच गडी धाडून जोशीबुवांना बोलावून घेतलं.

जोशीबुवांनी बोटं मोजली, छताकडं पाहिलं, विचारलं, “सूनबाई कुठं आहेत?” ती घरातच आहे, आणि आज तिच्या हातचं पाणी मुलाच्या पोटात गेलंय, हे गड्यानं सांगितलं. बुवांनी मोठा निःश्वास सोडला. “मग आणखी कारण कशाला शोधता?”

ठमाबाई दाराआड उभी होती, ती बाहेर आली. “बुवा, परीक्षा झाली कार्तिकात. पाणी दिलं आज. आजच्या पाण्यानं कार्तिकातला कागद भिजला का?”

“दोष मागंही लागतो, बाई.”

“पुढंही लागतो, मागंही लागतो. बरा आहे. आणि तीन वर्षं पोरगी प्रत्येक सुट्टीत कल्याणला होती, तेव्हा कोण नापास करत होतं?”

“तुम्ही मध्ये बोलू नका,” पंढरीशेट म्हणाला. मग घसा साफ करून त्यानं जे मनात कधीचं घोळत असावं ते बाहेर काढलं. सुनेचा पायगुण चांगला नाही. उद्या मचव्यातून जाईल ती कल्याणलाच राहील. नेहमीसाठी. आनंदराव पास झाले, की मुंबईत एखाद्या शिकल्यासवरल्या घरातली मुलगी बघता येईल. त्यांच्या बरोबरीची माणसं हसणार नाहीत अशी.

ठमाबाईनं मुलाकडं पाहिलं. तो बुटाच्या नाडीशी खेळत होता.

“तुझं काय म्हणणं?”

“माझं तिच्याविरुद्ध काही नाही, आई,” आनंदा म्हणाला. “मी तर तिला पाहिलेलीसुद्धा नाही.”

माजघरात चूल फुंकत होतं कोणीतरी, ते फुंकणं थांबलं.

ठमाबाईला त्या क्षणी पोराचा राग आला नाही. राग माणसाचा येतो. तिला वाटलं, आपण तीन वर्षं उखळ बंद ठेवून, मासळी बंद ठेवून, गड्यांना गोठ्यामागं खोकायला लावून हे काय पोसलं? कोंबडीसुद्धा एवढ्या दिवसांत उबवलेल्याचं काहीतरी बाहेर काढते.

नवऱ्यानं टाकलेली मुलगी म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. सगुणाचा बाप भिवा, कल्याणच्या बंदरात धान्याच्या गोण्या उतरवून घेणारा साधा माणूस. भावजयांच्या घरात ती आयुष्यभर भाकऱ्या थापणार, हळदीकुंकवाला तिला मागं बसवणार, आणि कोणी विचारलं की काय झालं गं, तर तिला स्वतःलाच ठाऊक नसणार. सोळा वर्षांची पोर. नक्कल कुणाची करील तिथं?

सकाळी ठमाबाईनं गाठोडं नेहमीसारखं बांधलं. सगुणानं वालाची पुरचुंडी गाठोड्यातून काढून परत कोनाड्यात ठेवली.

“ती का काढलीस?”

“भेट द्यायला माणूस परत जाणारा असावा लागतो, आत्याबाई.”

“तुला जायचंय का?”

सगुणानं वर पाहिलं. हा प्रश्न या घरात तिला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. “नाही,” ती म्हणाली. “त्यांच्यासाठी नव्हे हं. त्यांना मी ओळखत नाही. मला इथं राहायचंय.”

“बरं,” ठमाबाई म्हणाली, आणि तडक माडी चढली. आनंदा पांघरुणात होता. तिनं पांघरूण ओढलं. “ऊठ. बंदरावर काम आहे तुझं.”

“माझं? बाबा जातील ना.”

“तेही येतील. कोट घाल, थंडी आहे.”

चेंदणीच्या बंदरात मचवा भरून तयार होता. धाकू तांडेल सुकाणूशी विडी ओढत पाण्याकडं बघत होता. भरती चढत होती, आता अर्ध्या घटकेत निघायला हवं होतं. मिठाच्या गोण्यांमध्ये एका बाईपुरती जागा ठेवलेली होती, दर वेळी ठेवायचे तशी. पंढरीशेट आला, जोशीबुवा मुहूर्त साधायला आले. आनंदा चिखलात बूट जपत उभा राहिला. कोळणी, हमाल, मीठ खात्याचा एक शिपाई, असे दहाजण आपापलं काम सोडून बघायला लागले. सगुणा गाठोडं घेऊन पुढं झाली, तेव्हा आनंदानं तिला पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं.

“ही?” तो म्हणाला.

“हो, हीच,” ठमाबाई म्हणाली. “कामाला लागून तीन वर्षं झालेली. आता तू हिच्याबरोबर मचव्यात बस.”

“मी?”

“भिवा व्याही बंदरावर उभे असतील. त्यांना वाटेल, मुलगी सुट्टीला आली. त्यांना सांग, ही सुट्टीला नाही आली, हिला मी टाकली. का टाकली तेही सांग. तुला दिलेलं शिक्षण आहे, नीट समजावून सांगता येईल.”

आनंदा एक पाऊल मागं सरला. “हे… हे वडीलधाऱ्यांचं काम आहे. बाबा सांगतील.”

ठमाबाई नवऱ्याकडं वळली. “चला, बसा.”

पंढरीशेटनं लग्नात भिवाच्या गळ्यात गळा घातला होता. भिवानं जावयाच्या पायांवर दूध घातलं होतं ते त्याला आठवलं असेल, नसेल. तो म्हणाला, “माझं कसं जमेल? आज मिठागरावर माणसं यायचीत. जोशीबुवा शास्त्राधारे सांगतील. त्यांनीच तर दोष पाहिला.”

“मला पाण्यातला प्रवास वर्ज्य आहे,” जोशीबुवा घाईघाईनं म्हणाले. “आणि एवढ्याशा निरोपाला कुणी जायला हवंच का? हा तांडेल सांगेल.”

धाकूनं विडी पाण्यात टाकली. “मी मीठ न्हेतो, बुवा. मीठ चुकून सांडलं तर भरून देता येतं. असला निरोप माझ्या मचव्यात नाय बसत.”

एक कोळीण फिसकन हसली. मग दुसरी. शिपायानं मिशीवरून हात फिरवला.

“बघा,” ठमाबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण बंदरावर सगळ्यांना ऐकू गेला. “पोरीचं आयुष्य मोडायला तिघे तयार, आणि ते तोंडानं सांगायला एक नाही. एक शास्त्र शिकलेला, एक इंग्रजी शिकलेला, आणि एक त्या दोघांवर लुब्ध. मी म्हणत होते, तुमच्यात धीर असेल, तर मी बाई माणूस काय करणार? जाईल बिचारी. पण तो नाहीच, तर मग कशाला जाईल?”

“अगं, पण आनंदरावांचा अभ्यास!” पंढरीशेट काकुळतीला आला. “ही घरात राहिली तर ब्रह्मचर्य…”

“बुवा,” ठमाबाई जोशीबुवांना म्हणाली, “ब्रह्मचारी राहतो कुठं? आईबापाच्या घरी की गुरूच्या?”

दहा माणसांपुढं खोटं कसं बोलणार? बुवांनी उपरणं सावरलं. “गुरुगृही.”

“मग चुकलो आम्हीच. घर सोडायचं ते ह्यानं, हिनं नव्हे. आम्ही उलट्या माणसाचं गाठोडं बांधत बसलो. आनंदा, तुझा गुरू मुंबईला. पास होईस्तोवर सुट्टीबिट्टी तिकडंच. नाहीतर पुस्तक मिटव आणि घरी येऊन माणसासारखा राहा, तेही चालेल. मग तुझी बायको तुझ्याशी बोलते की नाही, ते तिचं ती बघेल.”

आनंदा बापाकडं पाहत राहिला. बाप बुवांकडं, बुवा पाण्याकडं. शेवटी आनंदाला इंग्रजीत काहीतरी सुचलं, ते तो बोलला, आणि बूट चिखलात पचपच वाजवत स्टेशनच्या वाटेला लागला. “आनंदराव, आपण न जेवताच…” म्हणत पंढरीशेट चार पावलं मागं धावला, मग थांबला. इतका एकटा तो मिठागर विकत घेताना कर्ज काढलं तेव्हाही दिसला नव्हता. पाठमोरं जाणारं ते पोर ठमाबाईचंच होतं. मानेवरचा तो लोकरीचा पट्टा धड बांधताही येत नव्हता त्याला. पण तिनं हाक मारली नाही. हाक मारली असती तर तो परत आला असता, हेच तर भय होतं.

तिनं सगुणाच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि आपल्या काखोटीला मारलं.

धाकूनं दोर सोडला. पाणी भरलं होतं, मचवा हलायला लागला होता. “शेटाणी,” तो ओरडला, “भिवा विचारील, पोर कुठंय. त्याला काय सांगू?”

“सांग, मीठ पाठवलंय,” ठमाबाई म्हणाली. “मुलगी ठेवून घेतली.”

“हा निरोप न्हेतो,” धाकू म्हणाला, आणि गोण्यांमधल्या मोकळ्या जागेत पाय पसरून बसला.